जिन्यातला दिवा : एक लट्टू, दोन बटणं



पांढुर्णा-सौंसरकडच्या जुन्या घरांबद्दल आपण इथे बरंच लिहिलं आहे. कोणी विहिरीबद्दल लिहिलं, कोणी संत्र्याच्या बगीच्याबद्दल. माझा विषय त्यामानाने अगदी लहान आहे : आमच्या जिन्यातला दिवा. पण त्याच्यापायी घरात तीस-पस्तीस वर्षं एक गोष्ट अडून बसली होती, म्हणून लिहितो.

आमचं घर पांढुर्ण्याचं. खाली ओसरी, कोठी, स्वयंपाकघर; वर दोन खोल्या अन् गच्ची. मधे लाकडी जिना, त्याला एक वळण. लाईट यायच्या आधी रात्री वर जायचं तर हातात कंदील नाहीतर चिमणी. एका हातात दिवा आणि एका हातात पाण्याचा तांब्या घेऊन आजी जिना चढायची.

आमच्याकडे मीटर लागलं १९६४ साली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने मांडली गेली, त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. तोपर्यंत आपली राजधानी नागपूर. मग नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपला छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळ, विद्युत मंडळाचं मुख्य ऑफिस जबलपूरला. बिल हिंदीत, पण वायर, होल्डर, बटणं सारं सामान नागपूरहूनच यायचं.

फिटिंगला सौंसरचे एक वायरमन होते. बसने यायचे, दोन दिवस मुक्काम करायचे. सागवानी पट्टी, तिच्यावर टिनच्या क्लिपा, गोल लाकडी ठोकळे आणि काळी टपोरी बटणं. वायर होती ॲल्युमिनियमची. त्या काळात देशात तांब्याची टंचाई होती, म्हणून घराघरात ॲल्युमिनियमच गेलं.

आबाजींनी त्यांना एकच अट घातली : "खालून लावलेला लाईट वर गेल्यावर वरूनच विझला पाहिजे."

वायरमननी तसं करून दिलं. आजीने खालचं बटण दाबलं, वर जाऊन दुसरं दाबलं आणि म्हणाली, "अवो, खाली लावलं अन् वर इझलं! हे कायचं भूत होय?" पुढे महिनाभर शेजारच्या बाया तो लट्टू पाहायला येत होत्या.

त्यात भूत वगैरे काही नाही. साध्या बटणाला दोन टोकं असतात, टू-वे बटणाला तीन. मधलं टोक कधी एका बाजूला टेकतं, कधी दुसऱ्या. खालच्या बटणाच्या मधल्या टोकाला फेज येतो, वरच्या बटणाच्या मधल्या टोकातून तार लट्टूला जाते, आणि दोन्ही बटणांच्या मधे दोन तारा असतात. दोन्ही बटणं एकाच तारेवर टेकली की लाईट लागतो, वेगवेगळ्या तारांवर असली की विझतो. तिसरी जागा हवी असेल तर मधे चार टोकांचं बटण बसवतात, ते दोन तारांची अदलाबदल करतं. या मांडणीत कोणतंच बटण मोठं नाही अन् धाकटं नाही. दोघांचा हक्क सारखा. पण मधल्या दोन्ही तारा शाबूत पाहिजेत.

१९६७ मध्ये बैतूल जिल्ह्यात सारणीचं सातपुडा औष्णिक केंद्र सुरू झालं. पुढे १९८६-८७ च्या सुमारास पेंच नदीवर तोतलाडोहची १६० मेगावॅटची जलविद्युत सुरू झाली. तिची दोन तृतीयांश वीज मध्य प्रदेशाची, एक तृतीयांश महाराष्ट्राची. दोन राज्यांनी एका धरणाचा हिशोब लिहून ठेवला आणि तो निभला.

आमच्या घरात त्याच काळात वाटणी झाली, पण जिन्यातल्या लट्टूचा हिशोब लिहायचा राहून गेला. खालचा मजला मोठ्याबाबांकडे, वरचा आमच्याकडे. वर नवीन मीटर लागलं. लट्टू मात्र जुन्या, म्हणजे खालच्या मीटरवरच राहिला.

एक दिवस मोठेबाबा म्हणाले, "वरून रात्रभर लाईट जळते, बिल आमीच भरतो." बाबा ताडकन म्हणाले, "तुमच्या लाईटले आमी हातच लावत नाही आता." आज हिशोब केला तर काय निघतं? चाळीस वॅटचा लट्टू, दहा तास. रात्रीचा ०.४ युनिट, महिन्याचे बारा. एवढ्यासाठी दोन सख्खे भाऊ!

दुसऱ्या दिवसापासून वरचं बटण चालेना. दाबलं तरी काही नाही. लाईट खालूनच लागायचा, खालूनच विझायचा. आम्ही पोरं समजलो की मोठ्याबाबांनी तार तोडली. बाबा म्हणाले, "आपण आपला वेगळा लट्टू लावू." तो लावायला दहा-बारा दिवस गेले. तेवढ्यात एका रात्री आजी गच्चीच्या बाजूने आली, सवयीने बटण दाबलं, अंधारातच पाय टाकला आणि वळणावरून खाली गेली. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती काठीशिवाय चालली नाही आणि वर तर कधीच आली नाही.

मग वळणावर दुसरा लट्टू लागला, आमच्या मीटरवर. एका जिन्यात दोन लट्टू. २००० साली छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली आणि आपल्याकडे लाईट तासन्‌तास जाऊ लागली. २००३ ची निवडणूक बिजली-सडक-पानीवर झाली ते आठवत असेल. तेव्हा दोन्ही लट्टू एकदमच विझायचे आणि खालून-वरून दोन मेणबत्त्या निघायच्या. २०१५ नंतर घरोघर एलईडी आले, तेही आम्ही दोन घेतले. माझ्या मनात मात्र मोठ्याबाबांबद्दलचा तो काटा तसाच होता. ते गेले तेव्हाही होता.

आता मागच्या पोळ्याची गोष्ट. गोटमारीमुळे पोळ्याला पांढुर्ण्याची माणसं कुठूनही घरी येतात. माझा मुलगा पुण्याहून आला, सोबत स्मार्ट डिमर घेऊन. म्हणाला, "बाबा, मोठी आजी आता रात्री उठते. जिन्यात रात्रभर मंद लाईट ठेवू, खालून-वरून दोन्हीकडून चालेल असा." मोठीआई म्हणजे माझी काकू, पंच्याऐंशीच्या घरात आहे. मला बरं वाटलं.

त्याने डिमर वरच्या बॉक्समध्ये बसवला. स्मार्ट डिमरला स्वतः जागं राहायला न्यूट्रल लागतो. जुन्या बटणाच्या बॉक्समध्ये न्यूट्रल नव्हता, म्हणून त्याने आमच्या दुसऱ्या लट्टूचा घेतला. फेज खालच्या मीटरचा, न्यूट्रल वरच्या मीटरचा. बटण दाबल्याबरोबर दोन्ही घरांचे ईएलसीबी पडले आणि पुरणपोळीच्या वेळी सारं घर अंधारात!

मिस्त्री आला. पाहून म्हणाला, "काकाजी, दोन मीटरचा न्यूट्रल कधी मिसळू नका. गेलेला करंट त्याच मीटरकडे परत आला नाही तर ईएलसीबी पडणारच. अन् तो नसता, तर एका घरचा मेन बंद करून हात घातला असता अन् दुसऱ्या घरचा झटका बसला असता."

मग त्याने डिमरचं समजावलं. साधी टू-वे बटणं दोन्ही सारखी, पण डिमरचं तसं नाही. जुन्या पंख्याचा रेग्युलेटर जास्तीची वीज गरम होऊन वाया घालवायचा. १९५९ मध्ये अमेरिकेत जोएल स्पायरा यांनी भिंतीतल्या बॉक्समध्ये मावेल असा इलेक्ट्रॉनिक डिमर बनवला. तो विजेच्या प्रत्येक लाटेचा थोडा भाग कापतो, सेकंदाला शंभर वेळा. एका लट्टूवर असे दोन डिमर लावले तर एकाने कापलेलं दुसरा पुन्हा कापतो आणि लाईट फडफडतो. म्हणून खरा डिमर एकच ठेवायचा, बाकीच्या जागी त्याला हुकूम देणारे रिमोट. लट्टूही डिमर चालणाराच घ्यायचा, साधा एलईडी नाही.

डिमर खाली लावायचं ठरलं, तिथल्या बोर्डात प्लग असल्यामुळे न्यूट्रल होता. वर बॅटरीवरचं बिनतारी बटण. आता फक्त खालून वर जाणारी तार तपासायची होती. दोनपैकी एक चांगली निघाली, दुसरी मुकी. मिस्त्रीने आमचा वरचा बॉक्स आतपर्यंत उघडला. बटणाला बगल देऊन एक तार सरळ जोडलेली, आणि दुसरी कापून तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.

ती पट्टी मी ओळखली. बाबा सगळं तसंच बांधायचे. पाण्याचा पाईप, फावड्याचा दांडा, माझ्या सायकलचं हँडल. तार आमच्याकडूनच तुटली होती, मोठ्याबाबांनी हातसुद्धा लावला नव्हता.

संध्याकाळी मी खाली गेलो आणि चुलतभावाला सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, मले ठाऊक होतं. बाबूजीनं सांगतलं होतं. म्हणे, त्याच्या लेकराईले सांगू नोको, बापाबद्दल मन खराब होईन."

मंडळी, मला काय बोलावं ते सुचेना. तीस वर्षं मी ज्या माणसाला मनातल्या मनात दोष दिला, तो माझ्याच बापाची अब्रू झाकून गेला.

आता जुनी ॲल्युमिनियमची तार काढून तांब्याची घातली आहे. जिन्यात लट्टू एकच, नऊ वॅटचा, खालच्या मीटरवर. पूर्ण उजेडाने रात्रभर जळला तरी महिन्याचे तीन युनिट होत नाहीत, आणि आम्ही तर तो मंदच ठेवतो. बिल कोण भरतं ते कोणी विचारत नाही. मोठीआई रात्री उठते तेव्हा वळणावरची पायरी दिसते, एवढं पुरे.

तुमच्याही वाटणी झालेल्या घरात असा सामाईक लट्टू, नळ किंवा मोटर असेल, तर फेज आणि न्यूट्रल एकाच मीटरचे आहेत ना, हे मिस्त्रीकडून पाहून घ्या. आणि घरातली मोठी माणसं आहेत तोवर, तार कोणी तोडली होती तेही विचारून घ्या. माझं विचारायचं राहून गेलं.

जय जामसावळी हनुमान.