दूरध्वनी तारेवरील ब्रॉडबँड : बिघाडाचा शोध

दूरध्वनीच्या तांब्याच्या जुन्या तारांवरून मिळणाऱ्या ब्रॉडबँड सेवेच्या तंत्रज्ञानास एडीएसएल म्हणतात. भारत संचार निगम लिमिटेडने (बीएसएनएल) ही सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू केली व पुढे ती खान्देशातील जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतही उपलब्ध झाली. या सेवेतील बिघाड घरातील आहे की घराबाहेरील, हे ठरविणे ही दुरुस्तीची पहिली पायरी होय.

कार्यपद्धती

एकाच तारजोडीवरून संभाषण सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंत, तर एडीएसएल सुमारे २५ किलोहर्ट्झ ते १.१ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. स्प्लिटर हे दोन पट्टे वेगळे करतो. दूरध्वनी केंद्रापासूनचे अंतर वाढते तसा वेग घटतो.

तपासणीचा क्रम

१. प्रथम रिसीव्हर उचलून डायल टोन ऐकावा. तो नसल्यास किंवा खरखर येत असल्यास तारेत दोष संभवतो.

२. मोडेमवरील डीएसएल दिवा लुकलुकत राहिल्यास केंद्राशी संपर्क जुळलेला नसतो. अशा वेळी घरातील सर्व दूरध्वनी व स्प्लिटर काढून, तार घरात शिरते त्या पहिल्या डबीला मोडेम थेट जोडावा. दिवा स्थिर झाल्यास दोष घरातील तारा, स्प्लिटर किंवा पॅरलल फोनमध्ये असतो. न झाल्यास तो बाहेरील तारेत, केंद्रात किंवा मोडेममध्येच असू शकतो. दुसरा मोडेम लावून पाहिल्यास ही शंका फिटते.

३. दिवा स्थिर असूनही आंतरजाल न चालल्यास वापरकर्तानाव, पासवर्ड व थकीत देयक तपासावे.

हवामानाचा परिणाम

पावसाळ्यात तारांच्या जोडांत ओल शिरून गंज चढतो. पावसात उद्भवणारा व ऊन पडताच नाहीसा होणारा दोष बहुधा अशा जोडाचा असतो. त्यामुळे खरखर चालू असतानाच तक्रार नोंदवून लाइनमनकडून तपासणी करून घेणे उपयुक्त ठरते. कोरड्या दिवशी तीच तार निर्दोष भासते. वळवाच्या पावसात विजा चमकू लागण्यापूर्वी मोडेमची वीजजोडणी आणि दूरध्वनीची तार, दोन्ही काढावीत. केवळ वीजजोडणी काढल्याने तारेतून येणारा विजेचा झटका टळत नाही.

भारनियमनात साधा दूरध्वनी केंद्राकडून मिळणाऱ्या सुमारे ४८ व्होल्ट दाबावर चालू राहतो, मोडेम मात्र बंद पडतो. त्यामुळे वीज नसताना ब्रॉडबँड थांबणे हा तारेचा दोष मानू नये.

सद्यस्थिती

तांब्याच्या तारांची जागा आता प्रकाशीय तंतू घेत आहेत. त्यांतून विजेऐवजी प्रकाशाद्वारे संदेश जात असल्याने गंजलेल्या जोडामुळे होणारी खरखर त्यांत उद्भवत नाही.