त्वचाविज्ञानाचा इतिहास
त्वचा, केस व नखे यांची रचना आणि विकार यांचा अभ्यास करणारी वैद्यकाची शाखा म्हणजे त्वचाविज्ञान होय. त्वचा ही आतील दोष बाहेर टाकणारे केवळ आवरण आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ असल्यामुळे या शाखेची वाढ उशिरा झाली.

सुश्रुतसंहितेत त्वचेचे सात थर सांगितले असून सर्वांत बाहेरील ‘अवभासिनी’ थराची जाडी व्रीहीच्या (भाताच्या दाण्याच्या) १/१८ दिली आहे. सात दिवस पाण्यात ठेवलेले प्रेत कुंच्याने हळूहळू घासून त्वचेपासूनचे सर्व भाग डोळ्यांनी पाहावेत, असेही तीत म्हटले आहे. चरकसंहितेत मात्र थर सहाच आहेत. यूरोपात माल्पीगी यांनी १६६५ मध्ये बाह्यत्वचेचा खालचा थर वर्णिला व कातडीचा काळा रंग त्यात असतो, असे प्रतिपादिले.

विकारांविषयीची समजूत बदलण्यास याहून अधिक काळ लागला. खरजेचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. गरीब स्त्रिया मुलांच्या अंगावरील फोडांतून टाचणीने बारीक किडे काढतात, हे ऐकून बोनोमो यांनी चेस्तोनी यांच्या साहाय्याने त्यांचे निरीक्षण केले आणि १६८७ मध्ये रेदी यांना लिहिलेल्या पत्रात खरजेचे कारण हाच अष्टपाद प्राणी असल्याचे कळविले. वैद्यांनी तिकडे दुर्लक्ष केले. खरूज रक्तदोषाने होते व वरून दडपल्यास रोग आत शिरतो, या समजुतीपायी रुग्णांना रेचके दिली जात व त्यांचे रक्तही काढले जाई. १८१२ मध्ये पॅरिस येथे गालेस यांनी प्रबंधात दाखविलेला प्राणी खाद्यपदार्थांतील निघाल्याने संशय वाढलाच. अखेर १८३४ मध्ये रेन्युच्ची या कॉर्सिकन विद्यार्थ्याने तेथील सेंट लुई रुग्णालयात खरा प्राणी सुईने काढून दाखविला. ही रीत तो आपल्या बेटावरील स्त्रियांकडून शिकला होता. वैद्यांपूर्वी हे ज्ञान त्या स्त्रियांपाशी होते, हे विसरता येत नाही. व्हिएन्नाचे हेब्रा यांनी स्वतःच्या त्वचेवर प्रयोग करून १८४४ मध्ये बाह्य कारण व बाह्य उपचार यांवर शिक्कामोर्तब केले.

तत्पूर्वी लंडनमध्ये विलन यांनी पुरळाच्या दृश्य स्वरूपावरून विकारांचे आठ गट पाडले होते. केसांच्या बाबतीत ग्रूबी यांनी १८४१ मध्ये डोक्यावरील एका चिवट रोगात कवक आढळल्याचे सांगितले. तीव्र आजारानंतर नखांवर उमटणाऱ्या आडव्या खाचा बो यांनी १८४६ मध्ये वर्णिल्या. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिमी. वाढत असल्यामुळे खाचेच्या मुळापासूनच्या अंतरावरून आजाराचा काळ अजमावता येतो.