सुईखालचा खर्च : घरगुती तबकडीयंत्राचा इतिहास

मोजक्या पैशांत गाणे घरी आणू पाहणाऱ्या श्रोत्याला यंत्रावर किती खर्च करायचा आणि तबकड्यांवर किती, हा हिशेब पहिल्यापासूनच करावा लागला. आणि यंत्र घेताना वाचवलेली रक्कम पुढे बहुतेक वेळा तबकडीच्या झिजेतून वसूल झाली, असे या साधनाचा इतिहास पाहता म्हणावे लागते.

एमिल बर्लिनरने 1887 साली सपाट तबकडीवरील ध्वनिमुद्रणाचे पेटंट घेतले आणि 1902 च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले. आदल्याच वर्षी निवर्तलेले संगीत रंगभूमीवरील गायक-नट भाऊराव कोल्हटकर या सोयीला मुकले. त्यांच्यानंतर रंगभूमीवर आलेल्या बालगंधर्वांचा आवाज मात्र तबकडीमुळे नाटकगृहाबाहेर, दिवाणखान्यात जाऊन पोहोचला. सुरुवातीच्या या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात आणि बोटीने परत येत. 1908 मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना निघाल्यावर हा वळसा संपला. तबकडीचा मसाला लाखेत दगडाची बारीक पूड कालवून केलेला असे, आणि जगाला लागणाऱ्या लाखेचा मोठा वाटा छोटा नागपूरच्या जंगलांतून जात असल्यामुळे कच्चा माल इथला आणि पक्का माल परदेशचा, हा त्या काळाचा नेहमीचा व्यवहार येथेही दिसतो.

ही दगडाची पूड उगाच घातलेली नसे. चावीच्या यंत्रात विजेचा संबंध नसल्याने आवाजाची सगळी शक्ती सुईच्या थरथरण्यातूनच निघे. ती थरथर साउंडबॉक्स नावाच्या डबीतील अभ्रकाच्या पातळ पडद्याला हलवी आणि पडद्याचा आवाज कर्ण्यातून मोठा होऊन बाहेर पडे. डबीचे आणि तिला कर्ण्याशी जोडणाऱ्या नळीचे मिळून शंभर ग्रॅमांच्या आसपास ओझे पोलादी सुईच्या टोकावर येई, आणि तबकडीतील पूड त्या टोकाला घासून खाचेच्या मापाचे करी. म्हणजे झिजायचे ते सुईने, तबकडीने नव्हे, अशी मूळ योजना होती, आणि म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी सुई लावावी अशी सूचना असे. दोनशे सुयांची पत्र्याची डबी त्यासाठीच मिळे. काटकसरी घरात मात्र एकच सुई कित्येक गाण्यांना पुरवली जाई. बोथट सुई खाचेच्या भिंती खरवडी आणि तबकडीत कायमची खरखर शिरे. जुन्या बाजारात आज मिळणाऱ्या तबकड्यांपैकी ज्या अतिशय लाडक्या गाण्यांच्या असतात त्याच सर्वांत खराब झालेल्या आढळतात, याचे कारण प्रेम जितके, तितकीच ही काटकसरही आहे.

स्वस्त यंत्राचा दुसरा दोष त्याच्या स्प्रिंगमध्ये असे. चावी उतरत आली की फेऱ्या मंदावतात, आणि मिनिटाला 78 ऐवजी 74 फेऱ्या होऊ लागल्या तर काळी एकमध्ये गायलेले गाणे जवळजवळ पांढरी एकवर येऊन बसते. तबकडी ऐकून गायकी उचलणाऱ्यांची संख्या मोठी होती, हे लक्षात घेता हा दोष क्षुल्लक म्हणता येत नाही.

1931 मध्ये आलेले एचएमव्हीचे 102 क्रमांकाचे पेटीयंत्र, ज्यात कर्णा घडी घालावा तसा पेटीच्या आतच बसवलेला होता, उचलून नेता येत असे. विजेचे यंत्र त्याच्या पुढचे खरे, पण ज्या गावात वीजच नव्हती तेथे चावीचेच चालू राहिले.

1948 साली अमेरिकेत 33⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी निघाली आणि हिशेब बदलला. विनाइल या प्लास्टिकच्या तबकडीतील खाच फार बारीक असल्यामुळे तिला सुमारे 25 मायक्रॉन टोकाची सुई लागे, जुन्या तबकडीला 75 मायक्रॉनची. म्हणून कित्येक यंत्रांत उलटसुलट फिरवता येणारी दुहेरी सुई दिलेली असे. या काळातील सर्वांत स्वस्त मार्ग असा होता की, नुसता डेक, म्हणजे तबकडी फिरवणारे आणि सुई धरणारे यंत्र घ्यायचे आणि त्याची तार घरातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओमागील खाचेत खोचायची. ध्वनिवर्धक आणि स्पीकर रेडिओचाच वापरला जाई. हे जमे कारण सुईमागचे क्रिस्टल कार्ट्रिज, म्हणजे थरथरीचे विजेत रूपांतर करणारा भाग, पुरेसा जोरदार संकेत देई. पण हा क्रिस्टल रोशेल मिठाचा असे आणि ते मीठ दमट हवेत बिघडते, त्यामुळे मुंबई-कोकणच्या पावसाळ्याला तो मानवणारा नव्हता. पुढे आलेले सिरॅमिक कार्ट्रिज हवेला टिकले, परंतु सुईचा दाब जडच राहिला. पेटीसारख्या बंद होणाऱ्या आणि बॅटरीवरही चालणाऱ्या एचएमव्हीच्या फिएस्टाने अनेक घरांत पहिले रेकॉर्ड-प्लेअर म्हणून जागा मिळवली, ती सोयीमुळे.

दीड-दोन ग्रॅमांच्या दाबावर चालणारे मॅग्नेटिक कार्ट्रिज तबकडीला जपते. मात्र त्याचा संकेत इतका क्षीण असतो की तो वाढवणारा आणि मुद्रणात कमी केलेले खर्जाचे स्वर पूर्ववत करणारा प्रीअँप्लिफायर त्याला वेगळा लागतो. हा जादा खर्चच त्याला बराच काळ सामान्य घरापासून दूर ठेवून गेला. स्पीकरच्या बाबतीत मोठी सोय 1954 मध्ये झाली, जेव्हा एडगर व्हिल्चर याने हवाबंद लहान पेटीतूनही भरीव खर्ज काढता येतो हे अमेरिकेत दाखवून दिले; दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कपाटाएवढी पेटी ठेवणे शक्य नसते, हे पाहता या शोधाचे मोल भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको.

कॅसेट आणि सीडी यांच्यामागे पडलेली तबकडी परत आली असून 2020 च्या पहिल्या सहामाहीत अमेरिकेत तिच्या विक्रीचे उत्पन्न सीडीपेक्षा अधिक झाले. मुंबईतील काळा घोडा येथील ऱ्हिदम हाऊस हे ध्वनिमुद्रिकांचे दुकान मात्र 2016 मध्ये बंद झाले. नव्या ग्राहकापुढे आज सुटकेसच्या आकाराची जी स्वस्त यंत्रे येतात त्यांत बहुधा तेच जड सिरॅमिक कार्ट्रिज असते, आणि स्पीकर त्याच पेटीत असल्याने त्याची कंपने पुन्हा सुईपर्यंत पोहोचतात. वाईट स्पीकर फक्त त्या वेळचे ऐकणे बिघडवतो, वाईट सुई तबकडी कायमची बिघडवते. म्हणून थोड्या पैशांत सुरुवात करणाऱ्याने दाब कमीजास्त करता येणारा आणि सुई बदलता येणारा डेक आधी घ्यावा, स्पीकर जुने चालतील. आणि घरात आजोबांच्या लाखेच्या तबकड्या असतील, तर डेकला 78 चा वेग आहे का आणि त्याला रुंद टोकाची सुई बसते का, हे दुकानातच विचारून घ्यावे, कारण आजच्या अनेक डेकना ती सोय नसते.