मेरी फॉस्टर : एका दायिकेचा कुलशोध

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील एका ओवरीवर लेख कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाची कन्या व उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिचे हे दान, असे तो सांगतो. पिता व पती यांच्या नावांनी दायिकेची ओळख देणाऱ्या या लेखात तिच्या मातेचे नाव नाही.

अनागारिक धर्मपालांच्या कार्यास मुक्तहस्ते साहाय्य करणाऱ्या मेरी फॉस्टर यांचेही असेच झाले आहे. कोलंबोतील ज्या धर्मादाय रुग्णालयास त्यांचे नाव मिळाले, ते ‘फॉस्टर-रॉबिन्सन’ म्हणून ओळखले गेले. त्यांतील फॉस्टर हे पतीचे कुलनाम, रॉबिन्सन हे पित्याचे. बौद्ध वाङ्मयात बहुधा ‘दानशूर अमेरिकन महिला’ एवढाच त्यांचा परिचय आढळतो. हा परिचय अपुरा आहे, असे आम्हांस वाटते.

मेरी एलिझाबेथ मिकाहाला रॉबिन्सन यांचा जन्म 1844 साली होनोलुलू येथे झाला. त्या काळी हवाई हे स्वतंत्र राज्य होते. त्यांचे पिता जेम्स रॉबिन्सन हे इंग्रज जहाजबांधणीकार. 1822 साली ‘हर्मीस’ हे देवमाशांच्या शिकारीचे जहाज प्रवाळबेटावर फुटले, तेव्हा त्याच्याच अवशेषांतून लहान गलबत बांधून ते सहकाऱ्यांसह होनोलुलूस पोहोचले व तेथेच स्थायिक झाले. माता रिबेका यांच्याकडून मेरीबाईंना हवाईच्या सरदारघराण्याचा वारसा लाभला. पती थॉमस फॉस्टर हे कॅनडातील नोव्हा स्कोशियाचे. आंतरद्वीप आगबोट कंपनीचे ते एक संस्थापक. 1884 साली या दांपत्याने वनस्पतिशास्त्रज्ञ हिलब्रँड यांची बाग विकत घेतली. 1889 साली मेरीबाईंना वैधव्य आले. त्यांना अपत्य नव्हते.

त्यांचे माहेर राजनिष्ठ होते. बंधू मार्क रॉबिन्सन राणी लिलिउओकलानी यांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होते. ते मंत्रिमंडळ 12 जानेवारी 1893 रोजी कोसळले आणि पाचच दिवसांनी राणीची सत्ताही गेली. उठाव करणाऱ्यांत अमेरिकन वंशाचे व्यापारी व मळेवाले अग्रभागी होते आणि अमेरिकन नौसैनिक शहरात उतरले होते.

त्याच वर्षी, 18 ऑक्टोबर रोजी, शिकागोची सर्वधर्मपरिषद आटोपून परतणाऱ्या धर्मपालांची आगबोट होनोलुलूच्या बंदरात थांबली. थिऑसॉफीच्या अभ्यासक मेरीबाई त्यांच्या दर्शनास गेल्या. आपला अनावर क्रोध कसा आवरावा, हा त्यांचा प्रश्न होता. धर्मपालांनी मनोनिग्रहाचा मार्ग सांगितला. भेट अल्पकाळाची होती; तिचे फळ मात्र पुढील अनेक दशके मिळत राहिले. कोलंबोचे रुग्णालय, कलकत्त्याचा धर्मराजिक विहार, लंडनमधील बौद्ध कार्याचे ‘फॉस्टर हाउस’ आणि सारनाथचा मूलगंधकुटी विहार या सर्वांस त्यांच्या द्रव्याचा आधार लाभला.

हवाई अमेरिकेत विलीन झाले ते 1898 साली. म्हणजे धर्मपालांसमोर उभी असलेली स्त्री जन्माने अमेरिकेची नव्हती. जिचे राज्य नऊ महिन्यांपूर्वीच बुडाले होते, अशा प्रजेपैकी ती एक होती. आपल्या पवित्र स्थळांसाठी झगडणाऱ्या, परसत्तेखालील देशांतील बौद्धांस तिने हात दिला. तिला केवळ ‘धनाढ्य अमेरिकन’ म्हणणे म्हणजे ज्या सत्तेने तिचा देश घेतला त्या सत्तेच्या खाती तिचे पुण्य मांडणे होय.

डिसेंबर 1930 मध्ये मेरीबाई निवर्तल्या. 11 नोव्हेंबर 1931 रोजी झालेले मूलगंधकुटी विहाराचे उद्घाटन त्यांना पाहता आले नाही. त्यांची बाग मृत्युपत्रान्वये होनोलुलू नगरास मिळाली. तेथे अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचा वंशज उभा आहे. सारनाथास जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी त्यांचे स्मरण करताना फॉस्टर व रॉबिन्सन यांच्याबरोबर ‘मिकाहाला’ हे हवाईच्या भाषेतील नावही उच्चारावे, अशी आमची विनंती आहे. दक्षमित्रेच्या लेखात मातृकुलाची जागा रिकामी राहिली; मेरीबाईंच्या बाबतीत ती आपणांस भरता येते.