आगोट : घणसोलीच्या परसातील इतिहास

रोहिणी नक्षत्र सरत आले आणि पारसिकच्या डोंगरावर ढग टेकू लागले की, ठाण्याच्या खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत एक शब्द वारंवार ऐकू येई : आगोट. पावसाळ्याचे चार महिने पुरेल अशी घराची बेगमी म्हणजे आगोट. इतिहास आपण सनदांत आणि तहनाम्यांत शोधतो; परंतु बेगमीची यादीही इतिहासाचे साधन ठरू शकते, असे आम्हांस वाटते. घणसोली गावाच्या निमित्ताने त्याचा पडताळा पाहू.

आपल्या भाषेत ‘आगर’ म्हणजे मिठागर आणि ‘आगर’ म्हणजे नारळी-पोफळीची बागही. आगरी या नावाचा संबंध याच शब्दाशी जोडला जातो. मीठ आणि बाग या दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच शब्दात नांदाव्यात, यात या किनाऱ्याचे सारे जीवन आले. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे, पावसाच्या पहिल्या सरींनी जमिनीतील खार धुऊन तो ओहोटीच्या वेळी उघाडीतून बाहेर सोडायचा आणि मग तेथे भात पिकवायचे, ही येथील पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या होती. मीठ आणि स्वातंत्र्य यांचे नाते १९३० साली साऱ्या देशाने पाहिले. घणसोलीलाही स्वातंत्र्यसैनिकांचे गाव म्हणून ओळखतात, हे येथे सांगितले पाहिजे.

उन्हाळ्याची अखेर हा घरातील सर्वांत धावपळीचा काळ. पुरुष राब भाजीत, बांधांची डागडुजी करीत, कौले चाळीत. बाकीचे घर स्त्रियांच्या शिरावर असे. सुकट, बोंबील आणि जवळा उन्हे देऊन डब्यांत भरायचा. खडेमीठ मडक्यात ठेवायचे. कांद्याच्या माळी आढ्याला टांगायच्या. वाल, चिंच, पापड, लोणचे, मसाला, सरपण आणि गोवऱ्या, सारे कोरडे असतानाच आत आले पाहिजे. राखेत जपलेल्या भोपळ्याच्या, शिराळ्याच्या, काकडीच्या बिया याच सुमारास बाहेर निघत. परसात आळी खणून त्यांत राख व शेणखत घालीत, आणि मांडवाचे बांबू उभे राहत. मृगाचा पाऊस पडला की वेल मांडवावर चढू लागे. हे सारे कष्टाचे काम होते. त्याचे आज कौतुक करताना त्या स्त्रियांच्या पाठीचा विसर पडू नये.

या मसाल्यातही एक इतिहास दडला आहे. मिरची मूळची अमेरिकेची. ती पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे आली. पेरू, पपई, अननस आणि काजूही त्याच वाटेने आले. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. त्यांची सत्ता गेली, मिरची राहिली. आपल्या ख्रिस्ती घरांतही उन्हाळ्यात मसाला कांडून बाटल्यांत भरण्याची रीत आहे. वसईच्या वाडीतील आणि घणसोलीच्या परसातील उन्हाळ्याची अखेर एकमेकींना परकी नाही, ती अशी.

आता या बेगमीच्या पायाखालील जमिनीकडे वळू. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला मालकीची वाट मोकळी झाली. मात्र १९६० च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहत आली, आणि १९७० साली नवी मुंबईसाठी भूसंपादन जाहीर होऊन सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी या प्रकल्पात आल्या. घणसोली त्यांपैकी एक. कृषक दिनापासून भूसंपादनापर्यंतचे अंतर अवघे तेरा वर्षांचे! १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरातील आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी प्राणास मुकले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

मोबदल्याचा हिशेब शेताच्या क्षेत्रावर झाला. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर शेत असते. परसातील वेलाची नोंद कोठेच नसते. गावठाण संपादनातून वगळले गेले, म्हणून परस वाचले असे वाटेल. पण शेत गेल्यावर वाढत्या कुटुंबांना घर बांधण्यास जागा उरली ती परसाचीच. ज्यांना आज ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात, त्यांतील कितीतरी घरांखाली भोपळ्याचे आळे आणि शेवग्याचे झाड होते. परस कोणी हिरावून घेतले नाही. ते घरच्यांनीच, मुलांसाठी, हळूहळू बुजविले.

नळाचे पाणी, शाळा, रुग्णालये, २००४ साली सुरू झालेली ठाणे-वाशी रेल्वे, हे लाभ खरे आहेत आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण बेगमी आता विकत आणावी लागते. सुके बोंबील बाजारातून येतात, मीठ पिशवीतून येते, आणि अळू रंगाच्या रिकाम्या डब्यात गच्चीवर वाढते. ज्यांनी मांडव घातले, त्या हातांना एवढे तरी सोडवत नाही.

वाचकहो, हा उन्हाळा सरण्यापूर्वी आपापल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : बेगमीत काय काय असे, आणि त्यातले काय कोठून येई? पहिल्या उत्तराने जिभेला पाणी सुटेल. दुसरे उत्तर मात्र वहीत लिहून ठेवावे. आपली शेते, आगरे आणि परस कोठे होते, ते त्यातून मुलांना कळेल.