ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट

ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट, संक्षेपाने ओएसपीएफ, हा संगणकीय जाळ्यांमधील गतिमान मार्गनिर्धारणाचा एक प्रोटोकॉल आहे. एकाच संस्थेच्या नियंत्रणाखालील जाळ्यात राउटरांनी परस्परांना माहिती देऊन डेटा पॅकेटांसाठी कमीत कमी खर्चाचे मार्ग शोधावेत, यासाठी तो वापरला जातो. अनेक इंटरफेस असलेल्या राउटरवर या प्रोटोकॉलची मांडणी इंटरफेसनिहाय करावी लागते. कोणत्या बाजूस शेजारी राउटर आहे, कोणत्या जाळ्याची घोषणा करायची आणि दुव्याचा खर्च किती धरायचा, हे प्रत्येक इंटरफेससाठी स्वतंत्रपणे ठरते.

इतिहास

लहान जाळ्यात मार्ग हाताने नोंदवता येतात. मात्र दुवा तुटल्यास अशा नोंदी सहसा आपोआप पर्यायी मार्गाकडे वळत नाहीत. ही अडचण दूर करणाऱ्या आरंभीच्या प्रोटोकॉलांपैकी आरआयपी हा वाटेतील राउटरांची संख्या मोजतो, दुव्याचा वेग पाहत नाही आणि १५ टप्प्यांपलीकडील जाळे अगम्य मानतो. या मर्यादांमुळे इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने ओएसपीएफ विकसित केला. त्याची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये, तर दुसरी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. जॉन मॉय यांनी लिहिलेला आरएफसी २३२८ हा १९९८ चा दस्तऐवज दुसऱ्या आवृत्तीचा आधारभूत संदर्भ आहे. आयपीव्ही६ साठी तिसरी आवृत्ती वापरली जाते.

कार्यपद्धती

ओएसपीएफचे संदेश टीसीपी किंवा यूडीपीचा आधार न घेता थेट आयपीवरून जातात. त्यांचा प्रोटोकॉल क्रमांक ८९ आहे. राउटर आपल्या इंटरफेसवरून २२४.०.०.५ या समूहपत्त्यावर ‘हॅलो’ संदेश पाठवतो. इथरनेटवर हा संदेश सामान्यतः दर १० सेकंदांनी जातो आणि ४० सेकंद काहीच न आल्यास शेजारी निकामी झाल्याचे मानले जाते. शेजारसंबंध जुळल्यावर राउटर आपल्या दुव्यांची माहिती पुढे पाठवतात. त्यातून एका क्षेत्रातील सर्व राउटरांकडे जाळ्याचा एकसारखा नकाशा तयार होतो. प्रत्येक राउटर त्यावर डाइक्स्ट्राची रीत वापरून स्वतःपासूनचे लघुत्तम मार्ग काढतो. मोठे जाळे अनेक क्षेत्रांत विभागता येते. इतर क्षेत्रे ० क्रमांकाच्या कणाक्षेत्राशी जोडलेली असावी लागतात.

इंटरफेसनिहाय मांडणी

उदाहरणादाखल तीन इंटरफेसचा एक राउटर घेता येईल. पहिला इंटरफेस १ गिगाबिट वेगाच्या फायबरने आणि दुसरा १०० मेगाबिट वेगाच्या दुव्याने इतर राउटरांना जोडलेला आहे; तिसऱ्यावर १९२.१६८.१०.०/२४ हे प्रयोगशाळेचे जाळे आहे.

प्रथम राउटरला ३२ बिटांचा ओळख क्रमांक दिला जातो. तो संपूर्ण जाळ्यात एकमेव असावा लागतो. क्रमांक न दिल्यास अनेक राउटर तो एखाद्या इंटरफेसच्या पत्त्यावरून निवडतात. पुढे इंटरफेस बदलल्यावर ओळखही बदलू नये, म्हणून तो स्पष्टपणे नोंदवणे श्रेयस्कर ठरते.

यानंतर पहिले दोन इंटरफेस ओएसपीएफमध्ये समाविष्ट केले जातात. दुव्यावर दोनच राउटर असल्यास त्याचा प्रकार ‘पॉइंट टू पॉइंट’ ठेवता येतो. त्यामुळे इथरनेटवर एरवी होणारी प्रमुख राउटरची निवड टळते. हा प्रकार दोन्ही टोकांना सारखा असावा लागतो. तो भिन्न असल्यास शेजारसंबंध पूर्ण झालेला दिसूनही मार्ग तक्त्यात येत नाहीत, असे घडू शकते.

तिसऱ्या इंटरफेसवर दुसरा राउटर नाही. तो प्रोटोकॉलमधून वगळल्यास प्रयोगशाळेचा पत्ता इतर राउटरांना कळत नाही आणि तेथून गेलेल्या पॅकेटांची उत्तरे परत येत नाहीत. तो इतरांप्रमाणेच चालू ठेवल्यास प्रयोगशाळेतील एखादा संगणक राउटर असल्याचे भासवून खोटे मार्ग घोषित करू शकतो. यावर उपाय म्हणून असा इंटरफेस निष्क्रिय ठेवतात. तेव्हा त्याच्या जाळ्याची घोषणा होते, परंतु त्यावरून हॅलो पाठवला जात नाही आणि शेजारसंबंधही जुळत नाही.

दुव्याचा खर्च

अनेक राउटरांवर संदर्भवेगाला दुव्याच्या वेगाने भागून खर्च काढला जातो. संदर्भवेग १०० मेगाबिट असल्यास १०० मेगाबिटच्या दुव्याचा खर्च १ येतो. खर्च १ पेक्षा कमी होऊ शकत नसल्याने १ गिगाबिटच्या दुव्याचा खर्चही १ च राहतो. परिणामी, इतर बाबी समान असल्यास दहापट हळू दुव्यावर फायबरइतकीच वाहतूक लोटली जाते. संदर्भवेग १०,००० मेगाबिट केल्यास हे खर्च अनुक्रमे १०० आणि १० होतात. हा बदल सर्व राउटरांवर एकसारखा करावा लागतो.

दोषनिवारण आणि सुरक्षा

शेजारसंबंध न जुळल्यास दोन्ही टोकांवरील क्षेत्रक्रमांक, हॅलोचे कालांतर, शेजारी निकामी मानण्याचा कालावधी आणि प्रमाणीकरण तपासले जाते. इथरनेटवर सबनेट मास्कही जुळावा लागतो. संबंध अर्धवट अवस्थेत अडकल्यास पॅकेटच्या कमाल आकाराची, म्हणजे एमटीयूची, तफावत हे नेहमीचे कारण असते. दोन राउटरांमध्ये स्विच असल्यास पलीकडील दुवा तुटूनही अलीकडचा इंटरफेस चालूच दिसतो; अशा वेळी ४० सेकंदांपर्यंत वाहतूक वाया जाऊ शकते. हा विलंब टाळण्यासाठी बीएफडी हा सोबतचा प्रोटोकॉल वापरला जातो. अनधिकृत राउटरांना रोखण्यासाठी सक्रिय इंटरफेसवर सांकेतिक प्रमाणीकरण ठेवतात.

एफआरराउटिंग आणि बर्ड या मुक्त संगणकप्रणालींद्वारे लिनक्स संगणकावरही ओएसपीएफ चालवता येतो. मात्र लिनक्समध्ये आयपी पॅकेट पुढे पाठवण्याची सोय चालू केलेली नसल्यास मार्ग शिकूनही असा संगणक एका इंटरफेसवरील पॅकेट दुसऱ्यावर पोहोचवत नाही.