सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?

आमच्या घरी बाबांना विसरण्याचा आजार आहे. निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय 79. मला ते कधी मुलगा समजतात, कधी केंद्रप्रमुख. त्यांना सांभाळते माझी आई, वय 73. गेल्या पावसाळ्यात तिला म्हटलं, चार दिवस मावशीकडे जाऊन ये. ती म्हणाली, "मी गेली तं यायले कोन पाह्यनार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पत्रकार माणूस, उत्तर सापडलं नाही की जुनी कागदपत्रं उघडतो. तसं उघडली, आणि आपल्याच जिल्ह्यात येऊन पोचलो.

सेवाग्रामला बापूकुटी पाहायला आपण सगळेच शाळेच्या सहलीत गेलोय. तिथूनच जवळ परचुरे शास्त्रींची कुटी आहे. तिथं मात्र फार कोणी थांबत नाही. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सहकैदी. त्यांना कुष्ठरोग झाला. 1939 मध्ये ते सेवाग्रामला आले. त्या काळात या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं. लोक सावलीलाही उभे राहत नसत. गांधीजींनी त्यांना आपल्या शेजारी कुटी बांधून दिली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करू लागले. तो फोटो तुम्ही पाहिला असेल.

पण मला त्या फोटोपेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. शास्त्रीबुवांना नुसतं 'रोगी' म्हणून ठेवलं नाही. ते आश्रमात संस्कृत शिकवत होते. म्हणजे शुश्रूषा चालू होती, आणि माणसाच्या हातात त्याचं कामही होतं.

हाच विचार दत्तपूरला आधीच सुरू झाला होता. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी 1936 मध्ये तिथं कुष्ठधाम उभं केलं. उपचाराबरोबर शेती, सूतकताई, विणकाम. बोटं झडलेला माणूसही काहीतरी घडवू शकतो, हे वर्धेच्या मातीत तेव्हा करून दाखवलं गेलं. परचुरे शास्त्री शेवटी दत्तपूरलाच गेले आणि 1945 मध्ये वारले. गांधीजींच्या रचनात्मक कार्यक्रमाच्या पुस्तिकेची सुधारित आवृत्ती आली तीही त्याच सुमारास, आणि त्यात कुष्ठरोग्यांची सेवा हा स्वतंत्र मुद्दा आला. पुढं हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभारलं. तिथल्या कुष्ठमुक्त आणि अपंग कलाकारांचा 'स्वरानंदवन' वाद्यवृंद आपल्यातल्या अनेकांनी ऐकलाय.

याच काळात तिकडं इंग्लंडमध्ये काय चाललं होतं? एड्रियन हिल नावाचा चित्रकार क्षयरोगाच्या इस्पितळात पडून होता. वेळ जाईना म्हणून समोरच्या वस्तूंची चित्रं काढू लागला. आपल्याला बरं वाटतंय हे लक्षात आल्यावर शेजारच्या रुग्णांनाही शिकवू लागला. 1942 मध्ये त्यानं याला 'आर्ट थेरपी' असं नाव दिलं. आपल्याकडं 'चले जाव'चा ठराव वर्धेला कार्यसमितीत झाला तेच साल. दोन वर्षांनी, 1944 ला, शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद सेवाग्रामच्या नयी तालीममध्ये कलाशिक्षक म्हणून आले आणि 1962 पर्यंत राहिले. त्यांचं सांगणं साधं होतं: कला ही निवडक लोकांची चैन नाही, ती शिक्षणाचा पाया आहे.

याला कोणी कला-उपचार म्हटलं नव्हतं, आणि मीही ओढूनताणून म्हणणार नाही. पण नाळ जुळते एवढं नक्की.

मध्यंतरी नागपूरच्या एका कला-उपचारतज्ज्ञ बाईंशी बोललो. आधी शाळेत चित्रकला शिकवायच्या. मग मानसशास्त्र शिकल्या, कला-उपचाराचं प्रशिक्षण घेतलं, लहान मुलांबरोबर काम केलं, नंतर वृद्धांकडं वळल्या. त्या म्हणाल्या, "सुरुवातीला मी फक्त आजोबांकडं बघायची. वर्षभरानं लक्षात आलं, दाराशी बसलेली आजी जास्त थकलेली आहे." तेव्हापासून त्या सांभाळणाऱ्यांसाठी वेगळा तास घेतात. कामाची रीतही त्यांनी सांगितली. चित्र चांगलं यावं ही अटच नाही. जाड खडू, एका वेळी दोनच रंग, अर्धा-पाऊण तास. चुकलं असं म्हणायचं नाही, "हे काय आहे?" असं विचारायचं नाही. आजार यानं बरा होत नाही, हे त्या आधीच सांगतात. माणूस थोडा वेळ शांत होतो, एवढंच.

आता आकडा बघा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाप्रमाणे साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. प्रत्येकामागं घरातलं निदान एक माणूस धरा, आणि ते बहुतेक वेळा बाईमाणूसच. 2007 चा कायदा आईवडिलांना पोटगी कोणी द्यायची ते सांगतो, जिल्ह्याला वृद्धाश्रम असावा असंही सांगतो. सांभाळणारीच्या झोपेबद्दल त्यात एक ओळ नाही. 2021 च्या कायद्यानं आरोग्यसेवेतल्या व्यवसायांच्या यादीत कला आणि नृत्य उपचाराचा उल्लेख केलाय. पण कागदावरचा माणूस आर्वी, समुद्रपूरपर्यंत पोचणार कधी?

घरी मी एक वही आणि खडू आणून ठेवले. बाबांनी दोन दिवस रेघा मारल्या, तिसऱ्या दिवशी खडू फेकला. खोटं कशाला सांगू? पण आठवड्यानं वही उघडली तर मागच्या पानांवर ठिपक्यांची रांगोळी होती. आईची. बाबा दुपारी झोपले की ती काढते. तीन दिवाळ्या आमच्या दारात रांगोळी पडली नव्हती.

माझी मागणी मोठी नाही. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून एक दुपार, एक खोली, दोन प्रशिक्षित माणसं. म्हाताऱ्यांना तिथं बसता यावं, आणि सांभाळणाऱ्यांना दोन तास कोणी हाक मारू नये. जागा आहेत, दुपारी रिकामी पडलेली समाजमंदिरं आपण रोज बघतो. ज्या जिल्ह्यानं 1936 मध्ये दत्तपूर उभं केलं, त्याला हे जड जाऊ नये.

आईला अजून मावशीकडं जाता आलेलं नाही.